शेडग्यांची खासगी बाब

हौसेराव शेडग्यांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या बायकोचं, प्रेमलाबाईंचं, जुनं मत होतं. पण त्या मंगळवारी कारण होतं, आणि ते भिंतीएवढं मोठं होतं.

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात हौसेराव खरेदी विभाग सांभाळत, तिथे मोठ्या साहेबांसमोर व्हॉल्व्हच्या नव्या दरांची मीटिंग चालली होती. लॅपटॉप ऐनवेळी रुसला, म्हणून हौसेरावांनी आपला फोन पडद्याला जोडला. दरांचा तक्ता उघडला आणि तक्त्याच्या बरोबर मध्यावर एका हसऱ्या डॉक्टरच्या फोटोसकट जाहिरात उमटली: 'मूळव्याधीने बेजार? बसताना त्रास होतो?' हौसेराव तेव्हा उभे होते. सगळ्या खोलीने आधी पडद्याकडे पाहिलं, मग हौसेरावांच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि मग त्या खुर्चीवर ठेवलेल्या मऊ उशीकडे. साहेब सज्जन माणूस. ते एवढंच म्हणाले, "शेडगे, तुम्ही उभ्यानेच सांगा. आमची काही हरकत नाही."

आता ही गोष्ट हौसेरावांनी घरात बायकोला आणि दवाखान्यात डॉक्टरला, एवढ्या दोघांनाच सांगितली होती, तीही खालच्या आवाजात. फोन तेव्हा ओट्यावर पालथा पडलेला होता. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात कुणी भिंतीला कान लावला तर निदान तो कान पकडता यायचा. इथे कान कुणाचा आणि तो पिळायचा कुठे, हेच कळेना. हौसेरावांचा राग पहिल्यांदाच पत्ता नसलेला झाला, आणि बिनपत्त्याचा राग फार वाईट. तो परत येतो.

त्या आठवड्यात त्यांनी जेवताना, बसमध्ये आणि जिथे बसणं सर्वांत अवघड जात होतं तिथेही याच विषयाचा अभ्यास केला. जगात असे पुष्कळ लोक आहेत असं त्यांना कळलं, जे आपली कुठलीच गोष्ट कंपन्यांच्या हवाली करत नाहीत. फोटो, पासवर्ड, ईमेल, सगळं आपल्याच घरातल्या आपल्याच मशीनवर. कुलूप आपलं, किल्ली आपली. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते बसवणं ज्याची त्याची जबाबदारी, आणि बसवल्यावर जे होईल तीही ज्याची त्याची जबाबदारी. यातलं दुसरं वाक्य बारीक अक्षरात होतं आणि हौसेरावांनी चष्मा लावला नव्हता.

कारखान्याच्या भंगारातला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी रीतसर पावती करून घरी आणला. इंटरनेटची वायर फक्त देवघरापर्यंत पोचत होती, म्हणून तो देवघराच्या खालच्या कप्प्यात बसला. त्याचं नाव त्यांनी 'पहारा' ठेवलं. सकाळी प्रेमलाबाई वर उदबत्ती लावत आणि खाली पहाऱ्याचा पंखा तो धूर ओढून घेऊन घुर्रघुर्र करी. पाहुण्यांना वाटे की देवाला दमा झाला आहे.

पहाऱ्याचं पहिलं काम म्हणजे घरात येणाऱ्या जाहिराती आणि पाळत ठेवणारी पाहुणे मंडळी दारातच अडवणं. ते त्याने चोख केलं. एक संध्याकाळ हौसेराव स्वच्छ, बिनजाहिरातीची बातम्यांची पानं वाचत राजासारखे बसले, म्हणजे उशीवर. दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाईंची मालिका लागेना. मग गॅस बुकिंगचं पान अर्धंच उघडलं. विजेच्या बिलाचं पान उघडलं, पण त्यावरचं पैसे भरायचं बटण पहाऱ्याला संशयास्पद वाटलं. पुण्याला नोकरी करणारी मुलगी, मोनाली, व्हिडिओवर आली तर तिचा चेहरा दिसे आणि आवाज अडे. हौसेरावांनी बायकोला समजावलं की ते बिलाचं पान आपली खबर भलत्याच दहा ठिकाणी पोचवतं. प्रेमलाबाई म्हणाल्या, "पोचवू दे. आपण वेळेवर बिल भरतो हे कळून कोण काय करणार आहे?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि तोपर्यंत मालिकेची वेळ झाली होती. प्रेमलाबाई उठून समोरच्या दारी, कुंदन तांडेलांकडे, मालिका बघायला गेल्या. मग रोजच जाऊ लागल्या.

कुंदन तांडेल मूळचे करावे गावचे. इमारत उभी आहे तिथे एकेकाळी त्यांच्या आज्याची भातशेती होती, आणि इमारतीतली तीन घरं अजून त्यांचीच. त्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही माणसाला सल्ला देणं ते आपलं वडिलोपार्जित काम समजत. एका सकाळी लिफ्टमध्ये त्यांनी हौसेरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "शेडगेसाहेब, टेन्शन घेऊ नका. राग कमी करा आनि ताक प्या. रागाने मूळव्याध वाढते."

लिफ्टमध्ये आणखी चार माणसं होती. हौसेराव तळमजल्यावर न उतरता तसेच परत वर गेले. प्रेमलाबाई म्हणाल्या की हो, सांगितलं, मालिकेच्या मधल्या सुट्टीत विषय निघाला. हौसेरावांनी पहारा इंटरनेटवर बसवला होता, बायकोवर नव्हता, आणि तसं सॉफ्टवेअर अजून कुणी लिहिलेलं नाही.

रागावलेला माणूस थांबत नाही, तो पुढचं काम काढतो. हौसेरावांनी सोसायटीच्या गेटचं ॲप फोनमधून काढून टाकलं आणि सेक्रेटरी श्यामसुंदर राणे यांना लेखी विचारलं की आमच्याकडे कोण येतं, कधी येतं, याची माहिती कुठे साठते. राणे सवयीप्रमाणे खेकसून म्हणाले, क्लाउडवर. कुणाच्या क्लाउडवर, असं हौसेरावांनी विचारल्यावर राणे थोडा विचार करून म्हणाले, "क्लाउडच्याच." त्यानंतर हौसेरावांचं कुरियर गेटवरून परत जाऊ लागलं. कोरेगावहून घेवड्याचं पोतं घेऊन आलेला त्यांचा मेहुणा गेटवर पोत्यावर बसून राहिला, कारण त्याला आत सोडण्यासाठी ज्या फोनवर बटण दाबायचं तो फोन आता स्वाभिमानी झाला होता. मेहुणा आत आला तो न बोलता जेवला आणि न बोलता गेला. घेवडा मात्र ठेवून गेला, हा त्याचा मोठेपणा.

मग हौसेरावांनी बोगदा बसवला. म्हणजे असं, की घरातून निघालेली माहिती या बोगद्यात शिरते आणि दूर कुठल्या तरी देशात बाहेर पडते, त्यामुळे आपण कुठे बसलो आहोत ते कुणालाच कळत नाही. ते बँकेलाही कळलं नाही. सीवूड्सच्या घरात बसून विम्याचा हप्ता भरू पाहणारा माणूस बँकेला रोमानियात दिसला, आणि बँकेने तत्परतेने त्याचं खातं बंद केलं.

शाखेतल्या बाई शांत होत्या. शांत माणसांपुढे हौसेरावांचा राग अधिकच उघडा पडतो. बाईंनी सांगितलं की तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करावं लागेल. हौसेराव म्हणाले की मी समोर उभा आहे. बाई म्हणाल्या की उभं राहून चालत नाही, कागद लागतात. मग त्यांनी ईमेल विचारला. हौसेरावांनी अभिमानाने आपला नवा ईमेल सांगितला, जो शेडगे या नावावर संपत होता.

"पुढचं जीमेल राहिलं, सर."

"जीमेल नाही. हा माझा स्वतःचा आहे."

"स्वतःचा नाही चालत, सर. खरा द्या."

आधार आणि पॅनच्या सह्या केलेल्या झेरॉक्स घेऊन या, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. आयुष्यभर कंपनीसाठी लाखोंचा माल तपासून घेणारे हौसेराव बँकेच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्यांना स्वतःविषयीच किंचित शंका यायला लागली होती.

सोसायटीच्या खाली दिपेशचं झेरॉक्सचं दुकान होतं. दिपेश हसतमुख, चपळ, आणि अख्ख्या सेक्टरचा लाडका. हौसेरावांनी पाकिटातून मूळ कार्डं काढली तेव्हा तो म्हणाला, "ओरिजिनल कशाला काढता काका, तुमचं सगळं आहे माझ्याकडे." आणि मदत म्हणून त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्याने 'शेडगे' एवढंच टाइप केलं. शेडगे आधार. शेडगे पॅन. शेडगे लाइट बिल. आणि त्याच्याखाली: शेडगे मूळव्याध रिपोर्ट. शेडगे मूळव्याध रिपोर्ट फायनल. शेडगे मूळव्याध रिपोर्ट फायनल नवा. विम्याच्या क्लेमसाठी हे आपणच इथे छापून घेतले होते, हे हौसेरावांना तेव्हा आठवलं.

हौसेरावांच्या मागे रांगेत राणे उभे होते. राणे सभ्यपणे आकाशाकडे पाहू लागले, पण दुकानाला पत्र्याचं छप्पर होतं.

ज्या चोराला पकडण्यासाठी हौसेरावांनी रोमानियापर्यंत बोगदा खणला होता तो हा असा त्यांच्याच जिन्याखाली बसला होता, आणि चोर तरी कसला, त्याला यात काही वावगं आहे हेच माहीत नव्हतं. हौसेराव म्हणाले की हे सगळं आत्ताच्या आत्ता काढून टाक. दिपेश म्हणाला, "तुमीच काढा काका, काय काढायचं ते," आणि दारात आलेल्या टेम्पोतून कागदाचे गठ्ठे उतरवून घ्यायला बाहेर गेला. रांगही गठ्ठ्यांना वाट द्यायला बाजूला सरकली.

हौसेराव त्याच्या खुर्चीवर बसले, उशीशिवाय. आधी त्यांनी आपलं सगळं काढलं. मग त्यांची नजर खाली गेली. तिथे सगळेच होते. राणे पगारपत्रक. तांडेल भाडेकरार. कुणाचं लग्न, कुणाचा घटस्फोट, कुणाची सोनोग्राफी, कुणाच्या पोराची मार्कशीट, सेक्टरातल्या हजारो कागदांचा एकच ढीग, त्याला ना दार ना कडी. हौसेरावांना जन्मात पहिल्यांदा दुसऱ्यांसाठी राग आला. तो राग इतका शुद्ध होता की त्यात विचाराला जागाच नव्हती. त्यांनी सगळं निवडलं. कॉम्प्युटरने विचारलं की हे कायमचं काढायचं का. इतक्या ठामपणे त्यांनी आयुष्यात कशालाच हो म्हटलं नव्हतं, लग्नालाही नाही.

गठ्ठे ठेवून दिपेश आत आला आणि कॉम्प्युटर अचानक किती फास्ट झाला म्हणून खूश झाला. ही खुशी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली.

शनिवारी सकाळी शेडग्यांची बेल वाजली ती वाजतच राहिली. जिन्यात माणसं उभी होती. हौसेरावांना वाटलं होतं की कधीतरी लोक आपले आभार मानतील. पण निघालं भलतंच. सेक्टरातल्या निम्म्या लोकांनी आपल्या कागदांची प्रत दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती. फोन बदलले, घरं बदलली, मूळ कागद गावच्या ट्रंकेत राहिले, पण दिपेशकडे आहे म्हणून सगळे निर्धास्त होते. कुणाचा प्रवेश अडला, कुणाचा व्हिसा. हौसेरावांनी दारात उभं राहून बाजू मांडली की तुमची अब्रू एका उघड्या दुकानात पडली होती, मी ती वाचवली.

राणे म्हणाले, "शेडगे, दिपेशकडे होती तेव्हा निदान मागितली की मिळत होती."

यावर जिन्यातली सगळी माणसं एकदम बोलू लागली, आणि हौसेरावही त्यांच्यावर आवाज चढवणार, तेवढ्यात कुंदन तांडेलांनी गर्दीतून एका म्हातारीला पुढे आणलं. ही त्यांची मावशी, बयाबाई, करावे गावातली कोळीण. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला. होडी त्याच्या नावावर होती, ती आता हिच्या नावावर करायची होती आणि सोमवारी कागद द्यायचे होते. त्याचं आधार कार्ड त्याच्याबरोबरच खाडीत गेलं, आणि नवं काढायचं तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, तो फोनही खाडीत. एकच कॉपी होती, दिपेशच्या कॉम्प्युटरमध्ये.

बयाबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊ, तू काढलास तर तूच शोध."

हौसेरावांना सगळ्यांवर रागावता आलं असतं, या बाईवर येईना. राग होता तिथेच होता, पण आता त्याला परतीचा पत्ता सापडला होता.

ते खाली गेले. दिपेशला म्हणाले की या मशीनला आता बोटही लावू नकोस. त्यांनी त्यातली डिस्क काढली आणि छातीशी धरून घरी आणली. गेल्या काही आठवड्यांत झालेल्या अभ्यासातून एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. कॉम्प्युटर काही पुसतो म्हणजे फक्त त्याचा पत्ता विसरतो, ती वस्तू त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जागेवरच असते. ती उकरून काढणारं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. त्यांनी डिस्क पहाऱ्याला जोडली. पहारा घुरघुरला, तापला, आणि दुपारी त्याने एकेक कागद वर काढायला सुरुवात केली. प्रेमलाबाईंनी आपणहून देवघरातली उदबत्ती विझवली.

कागद आले, पण नावं आली नाहीत. हजारो कागद, आणि प्रत्येकाला नावाऐवजी नुसता आकडा. कोणता कागद कुणाचा हे कळायला एकच उपाय होता, प्रत्येक उघडून बघणं. आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून एवढं सगळं केलेल्या माणसाला आता सबंध सेक्टरकडे बघायचं होतं.

लोकांनाच बोलावून आपापलं शोधायला लावावं असं कुंदनभाऊंनी सुचवलं. मग प्रत्येकजण प्रत्येकाचं बघणार. हौसेराव नाही म्हणाले, खोलीत गेले, कडी लावली आणि एकटे बसले. नुसतं नाव वाचायचं, खाली बघायचं नाही, असा त्यांनी नेम केला. पण डोळ्यांना कुठे नेम कळतो. ज्यांच्या दारावर बी.कॉम. लिहिलेलं होतं त्यांचा आठवी नापासचा दाखला आला. कर्जासाठी केलेला कुणाचा अर्ज पुन्हा पुन्हा नाकारलेला आला. लिफ्टमध्ये कायम हसणाऱ्या एका बाईंचा कोर्टातला अर्ज आला, त्याची पहिली ओळ वाचून हौसेरावांनी मान वळवली आणि नाव तिरक्या नजरेने वाचून घेतलं. आणि राणे. राणे सगळ्यांवर खेकसून का बोलतात याचं कारण कानाच्या तपासणीच्या एका रिपोर्टात होतं. त्यांना एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. हौसेरावांना सोसायटीच्या सभांमधले सगळे वाद आठवले, ज्यांत राणे भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत आणि हौसेराव चवताळत. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी उठून एक ग्लास ताक प्यायलं.

रविवारी सकाळी त्यांनी तोवर सापडलेले ज्याचे त्याचे कागद पेनड्राइव्हवर घालून पाकिटं बंद केली आणि घरोघर स्वतः नेऊन दिली. लोकांनी ती घेतली, पण कुणी नजरेला नजर दिली नाही. काल भांडायला आलेली माणसं आज दार बोटभर उघडत होती. राण्यांनी पाकीट घेतलं आणि ते दार ओढून घेत बाहेर जिन्यात आले.

"तुम्ही माझं ते... पाहिलंत का?"

हौसेराव त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकले आणि हळू म्हणाले, "मी फक्त नाव पाहिलं."

राण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. हौसेराव कोणत्या बाजूला सरकले हे राण्यांच्या लक्षात आलं होतं. ते पाकीट खिशात घालून आत गेले. पण दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला की गेटच्या ॲपमधली माहिती कुठे साठते याची कमिटी चौकशी करणार आहे, आणि सभासदांनी आपली खासगी कागदपत्रं दुकानात ठेवू नयेत, तसंच 'कुणाही सभासदाच्या घरी' ठेवू नयेत. त्याखाली सगळ्या सभासदांनी अंगठे उठवले. महिनाभर ओरडून जे पटलं नव्हतं ते एका दिवसात पटलं, कारण आता लोकांना कंपन्यांची भीती नव्हती, शेडग्यांची होती. हौसेराव ग्रुपमध्ये नव्हते. हा विजय त्यांना प्रेमलाबाईंच्या फोनवर वाचावा लागला आणि ते फार संतापले.

बयाबाईंचं मात्र मिळेना. त्या सकाळपासून येऊन बसल्या होत्या. प्रेमलाबाईंबरोबर कोरेगावचा घेवडा निवडत होत्या, मधूनच खोलीच्या दाराकडे बघत होत्या. काही कागद कायमचे गेले होते, शुक्रवारी कॉम्प्युटर फास्ट झाला म्हणून दिपेशने त्यांच्या जागेवर नवे कागद भरले होते. ऊन उतरलं तेव्हा शेवटचे थोडेच राहिले होते. हौसेराव एकेक उघडत होते आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात दिपेशला, बँकेला, त्या हसऱ्या डॉक्टरला आणि सर्वांत जास्त स्वतःला शिव्या देत होते. मग एक कार्ड उघडलं, आणि त्यावर पत्ता होता करावे गावचा.

त्यांनी कडी काढली आणि हाक मारली.

बयाबाई येऊन खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर त्यांचा नवरा होता. कपाळाला आठ्या, जबडा आवळलेला, फोटो काढणाऱ्याला आता मारतोच असा चेहरा.

"जरा मोटा कर," त्या म्हणाल्या.

हौसेरावांनी केला.

"आजून."

चेहऱ्याने सगळा पडदा भरला. फोटो फाटल्यासारखा दिसू लागला, पण आठ्या तशाच होत्या. प्रेमलाबाई पदराला हात पुसत दारात येऊन थांबल्या.

"आसाच होता," बयाबाई म्हणाल्या. "सदा रागान. होरी वल्हवताना रागान, जेवताना रागान. माजेवर रागवायचा न मंग माजेच ताटान मोटा तुकडा टाकायचा." त्यांनी बोटाने पडद्यावरची एक आठी पुसल्यासारखी केली. मग वळून आधी हौसेरावांकडे पाहिलं, घामेजलेले, दोन दिवस दाढी न केलेले, लाल डोळ्यांचे हौसेराव, आणि मग प्रेमलाबाईंना म्हणाल्या, "तुजा बी त्यातलाच हाय गो."

प्रेमलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हो मावशी. त्यातलाच आहे."

हौसेरावांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. ते ताडकन उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता, ते कुणालाच दिसलं नाही.